पाण्याचे मोल आणि मोजमाप

विकसनशील राष्ट्रांच्या साधनसंपत्तीचा विचार करताना जमीन, जंगल आणि खनिजे यांची गणना आधी होते. पाण्याची गणना होते ती बहुधा सिंचन आणि पिण्याचे पाणी एवढ्यापुरतीच. वास्तविक पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्राने व्यापलेला आहे आणि कित्येक नवस्वतंत्र देशांच्या वाट्याला आलेले जलक्षेत्र त्यांच्या भूमीहून अनेक पटींनी मोठे आहे. गोडे पाणी त्या मानाने फारच थोडे. पृथ्वीवरील एकूण पाण्याच्या ते जेमतेम अडीच टक्के भरते आणि त्यातलाही दोन तृतीयांशांहून अधिक भाग बर्फाच्या रूपात आहे. तरीही नद्या, तळी व जलाशय यांतील अल्पस्वल्प पाण्यावर कोट्यवधी लोकांचे अन्न, वीज आणि रोजगार अवलंबून आहेत.

या संपत्तीची वर्णने पुष्कळ होतात. समुद्र हे अक्षय भांडार आहे, हे विधान शालेय निबंधांपासून परिषदांच्या ठरावांपर्यंत सर्वत्र आढळते. परंतु गेल्या सात दशकांचा अनुभव पाहिला तर असे दिसते की, पाण्यावरचा हक्क कायद्याने मिळाला म्हणून त्याचे उत्पन्न आपोआप हाती येत नाही. पाण्यात काय व किती आहे, त्यातून किती काढावे आणि काढलेल्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडतो, याचा हिशेब ज्यांनी स्वतः ठेवला त्यांना पाणी फळले. ज्यांनी तो दुसऱ्यावर सोपविला, किंवा ठेवूनही मानला नाही, त्यांना मोठी किंमत द्यावी लागली. हे समुद्राइतकेच डोंगरातल्या नदीला आणि गावच्या तलावालाही लागू आहे.

दोनशे सागरी मैलांचा हक्क

किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचे पाणी राष्ट्राचे व त्यापलीकडचा समुद्र सर्वांना खुला, असा संकेत दीर्घकाळ चालत आला होता. खुल्या समुद्राचा लाभ अर्थातच ज्यांच्याकडे मोठी जहाजे होती त्यांनाच मिळे. १९४५ मध्ये अमेरिकेने आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीतील खनिजांवर हक्क जाहीर केला. त्याचा आधार घेऊन दक्षिण अमेरिकेतील चिली व पेरू या देशांनी १९४७ मध्ये दोनशे सागरी मैलांचा दावा केला. १९५२ मध्ये इक्वेडोरसह या तिन्ही देशांनी सांतियागो येथे तसे संयुक्त घोषणापत्र काढले. त्या काळी बड्या सागरी राष्ट्रांनी हा दावा मान्य केला नाही. पण तीस वर्षांनी तोच आंतरराष्ट्रीय कायदा झाला.

संयुक्त राष्ट्रांची तिसरी सागरी कायदा परिषद १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षे चालली. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १६ नोव्हेंबर १९९४ रोजी तो अमलात आला. या करारानुसार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी हे राष्ट्राचा प्रादेशिक समुद्र होय. दोनशे सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतचे पाणी व तळ हे त्या राष्ट्राचे अनन्य आर्थिक क्षेत्र होय. या क्षेत्रातून इतर देशांची जहाजे जाऊ-येऊ शकतात. परंतु तेथील मासळी, तेल, वायू व खनिजे यांवर हक्क किनाऱ्याच्या राष्ट्राचा असतो.

भारताने या कराराची वाट पाहिली नाही. १९७६ मध्ये संसदेने सागरी क्षेत्रांविषयीचा कायदा केला आणि जानेवारी १९७७ पासून वीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक सागरी क्षेत्र भारताच्या आर्थिक अधिकाराखाली आले. या हक्काचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. १९७४ मध्ये 'सागरसम्राट' या जहाजाने मुंबई हायचे तेलक्षेत्र शोधले व १९७६ मध्ये तेथून तेल येऊ लागले. ते मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, म्हणजे प्रादेशिक समुद्राच्या कितीतरी बाहेर आहे.

करारातील एक गोष्ट मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. कलम ६१ अन्वये आपल्या क्षेत्रातून किती मासळी काढणे योग्य ते किनाऱ्याच्या राष्ट्राने ठरवावयाचे आहे. कलम ६२ अन्वये तेवढी मासळी काढण्याची क्षमता त्याच्याजवळ नसेल, तर उरलेल्या भागासाठी इतर राष्ट्रांना त्याने प्रवेश द्यावयाचा आहे. म्हणजे हक्काच्या पाठोपाठ मोजणीचे ओझे आले. ज्या देशाजवळ संशोधन जहाज नाही, मासळीची आवक बंदरोबंदर टिपणारी यंत्रणा नाही, त्याने 'शिल्लक' किती हे कशाच्या आधारे सांगावे? साहजिकच शिल्लक किती ते मागणाराच सांगू लागतो.

भारतातही हा प्रश्न उभा राहिला होता. १९९१ च्या खोल समुद्रातील मासेमारीच्या धोरणानुसार परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतील जहाजांना परवाने देण्यात आले, तेव्हा देशभरच्या मच्छीमार संघटनांनी त्यास विरोध केला. १९९५ मध्ये मुरारी समिती नेमण्यात आली. दुसऱ्या वर्षी समितीने हे परवाने रद्द करावेत आणि आपल्याच मच्छीमारांना खोल समुद्रात जाण्यासाठी सक्षम करावे, अशी शिफारस केली. ही क्षमता अजून पुरेशी आलेली नाही. भारतातील बहुतेक नौका आजही किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातच जाळी टाकतात. त्या पट्ट्यात यांत्रिक ट्रॉलर, पर्ससीनवाले आणि पारंपरिक डोलकर यांच्यात चढाओढ आहे, आणि त्यापलीकडचा विस्तीर्ण समुद्र पुष्कळसा तसाच पडून आहे.

पेरूचा अनुभव

दोनशे मैलांचा दावा करणाऱ्या पहिल्या देशांपैकी पेरूची हकीकत या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने मुळातून समजून घ्यावी अशी आहे. पेरूच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाकडील थंड व क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर अँकोव्हेटा नावाची बोटभर लांबीची मासळी अमाप पोसली जाते. आपल्याकडच्या तारलीच्या थव्यांची कल्पना असणाऱ्यांना तिच्या थव्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणता येईल. १९५० नंतर ही मासळी वाळवून व दळून तिची भुकटी करण्याचे कारखाने पेरूच्या किनाऱ्यावर धडाक्याने उभे राहिले. भुकटी युरोप-अमेरिकेत जाई आणि तेथील कोंबड्यांचे व डुकरांचे खाद्य होई. १९७० मध्ये पेरूची पकड सुमारे सव्वा कोटी टनांवर गेली. जगातील एकूण सागरी मासळीचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एक विकसनशील देश काढत होता.

पेरूजवळ मोजणी नव्हती असे नाही. १९६४ मध्येच तेथे सागरी संशोधन संस्था स्थापन झाली होती आणि वर्षाला सुमारे ९५ लाख टनांपलीकडे जाऊ नये, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला होता. परंतु कारखान्यांची आणि बोटींची संख्या त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेली होती. कर्जे फेडावयाची होती, परकीय चलन हवे होते. मर्यादा कागदावर राहिली.

१९७२ मध्ये एल निनोचा प्रकोप झाला. किनाऱ्यावर उष्ण पाणी आले, तळचे थंड पाणी वर येणे मंदावले आणि आधीच ओरबाडली गेलेली मासळी दिसेनाशी झाली. १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्याही खाली घसरली. त्याच वर्षी सरकारला हा उद्योग ताब्यात घ्यावा लागला. या मासळीवर जगणारे सागरी पक्षीही मोठ्या संख्येने मेले. १९७२ हे वर्ष महाराष्ट्रालाही विसरता येणारे नाही. एल निनोच्या वर्षांत आपल्याकडचा मोसमी पाऊस अनेकदा दुबळा पडतो हे हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. पेरूच्या बंदरात बोटी रिकाम्या उभ्या होत्या त्या काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती.

मासळी पुन्हा वाढावयास बरीच वर्षे लागली. पेरूने त्यानंतर जी पद्धत बसविली ती मात्र अनुकरणीय आहे. हंगामापूर्वी संशोधन जहाजे ध्वनिलहरींच्या साहाय्याने थव्यांचा अंदाज घेतात, त्यावरून हंगामाची एकूण मर्यादा ठरते आणि २००८ च्या कायद्यानुसार ती प्रत्येक बोटीला वाटून दिली जाते. आपला वाटा निश्चित असल्याने दुसऱ्याच्या आधी मासळी ओढण्याची धावपळ कमी झाली. २०२३ मध्ये पुन्हा एल निनो आला आणि पाहणीत पिलांचे प्रमाण फार दिसले, तेव्हा सरकारने उत्तर-मध्य समुद्रातील पहिला हंगाम संपूर्णपणे रद्द केला. निर्यातीचे मोठे उत्पन्न त्या वर्षी बुडाले. परंतु १९७३ ची पुनरावृत्ती झाली नाही.

बेटांनी मांडलेला बाजार

पेरूजवळ निदान बोटी होत्या. पॅसिफिक महासागरातील लहान बेटांजवळ त्याही नव्हत्या. किरिबाती या देशाची एकूण भूमी ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दीडपटीहूनही कमी आहे. लोकसंख्या सुमारे सव्वा लाख. त्याचे सागरी क्षेत्र मात्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूक्षेत्राएवढे आहे. या पाण्यातून कुपा, म्हणजे ट्यूना जातीच्या मासळीचे थवे फिरतात. जपान, कोरिया, तैवान, अमेरिका आदी देशांची मोठी जहाजे ही मासळी नेत आणि बेटांच्या हातावर तिच्या किमतीच्या जेमतेम पाच-सहा टक्के रक्कम परवाना शुल्क म्हणून ठेवत. एका बेटाने जास्त मागितले तर जहाजे शेजारच्या बेटाकडे वळत.

१९८२ मध्ये किरिबाती, नाउरू, मार्शल बेटे, मायक्रोनेशिया, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि पुढे तुवालू यांनी मिळून एक करार केला, तो नाउरू करार म्हणून ओळखला जातो. आरंभीची पंचवीस वर्षे त्याचा विशेष लाभ झाला नाही. खरा बदल २००७ च्या अखेरीस झाला. मासळीच्या वजनावर शुल्क आकारण्याऐवजी या देशांनी 'जहाजदिन' विकावयास काढले. एका जहाजाने त्यांच्या समुद्रात एक दिवस मासेमारी केली की तो एक जहाजदिन. वर्षाला एकूण किती दिवस विकावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे, आपापसात वाटून घ्यावयाचे आणि ठरलेल्या किमान दराखाली कोणीही विकावयाचे नाही, असा हा व्यवहार होय. २०१२ मध्ये किमान दर दिवसाला ५,००० डॉलर होता. २०१५ मध्ये तो ८,००० डॉलर झाला. जहाजांवर उपग्रहाद्वारे नजर ठेवली जाते आणि जाळी ओढणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजावर निरीक्षक असावा असा नियम करण्यात आला. २०१० च्या सुमारास या देशांचे मिळून उत्पन्न सहा कोटी डॉलरांच्या आसपास होते. दहा वर्षांच्या आत ते पन्नास कोटींच्या घरात गेले. किरिबातीच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग आज या परवान्यांतूनच येतो.

वजन मोजावयाचे तर जहाजावरच्या नोंदीवर विश्वास ठेवावा लागे. दिवस कोणालाही मोजता येतो. या साध्या युक्तीत योजनेचे मर्म आहे. तिला जोड मिळाली ती एकजुटीची. आपल्याकडच्या सहकारी चळवळीत वाढलेल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. दूध एकट्याने विकणारा आणि संघामार्फत विकणारा यांच्यातला फरक गावोगाव ठाऊक आहे.

अर्थात यामुळे बेटांचे सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. मासळी डब्यात भरण्याचे कारखाने मुख्यतः इतरत्र असल्याने रोजगार तिकडेच राहतो. शिवाय समुद्राचे तापमान वाढत चालल्याने कुपाचे थवे हळूहळू पूर्वेकडे, खुल्या समुद्रात सरकतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तसे झाले तर हक्क राहील आणि मासळी निघून जाईल.

समुद्रतळावरील खनिजांबद्दल येथे थोडक्यात लिहिणे पुरे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांत भाषण करून राष्ट्रीय हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा मानवजातीचा समाईक वारसा मानावा, अशी मागणी केली आणि ती पुढे करारात आली. चार ते सहा हजार मीटर खोलीवर मँगेनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोळे पसरलेले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागरातून असे गोळे प्रथम वर काढले. १९८७ मध्ये भारताला तेथे दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. त्यापैकी ७५ हजार चौरस किलोमीटर पुढे कायम ठेवण्यात आले. हे गोळे दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. व्यापारी खाणकामाचे नियम अजून ठरावयाचे आहेत आणि खोल तळावरील जीवसृष्टीचे काय होईल याविषयी गंभीर शंका आहेत. अर्थसंकल्पात धरावे असे उत्पन्न त्यात आज तरी नाही.

डोंगरातले पाणी

ज्या देशांना समुद्रच नाही त्यांचे काय? आफ्रिकेतील लेसोथो हा डोंगराळ देश चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे. खनिजे बेताची, शेतजमीन थोडी. पण उंच डोंगरांत पाऊस व हिमवर्षाव चांगला. पलीकडे जोहान्सबर्गच्या परिसरातील खाणी, कारखाने व वस्त्या पाण्यासाठी कासावीस. २४ ऑक्टोबर १९८६ रोजी दोन्ही देशांत करार झाला. कात्से येथे १८५ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले आणि १९९८ पासून डोंगरांतील बोगद्यांमधून पाणी दक्षिण आफ्रिकेकडे वाहू लागले.

पाण्याची किंमत ठरविण्याची या करारातील रीत लक्षात घेण्याजोगी आहे. हेच पाणी दक्षिण आफ्रिकेने आपल्या हद्दीतून, नदीच्या खालच्या भागातून उपसून नेले असते तर किती खर्च आला असता, याचा अंदाज करण्यात आला. डोंगरातून आणल्यामुळे जी बचत होते तिचे ५६ टक्के लेसोथोला व ४४ टक्के दक्षिण आफ्रिकेला, अशी वाटणी ठरली. पाणी वाहून नेण्याच्या बांधकामाचा खर्च दक्षिण आफ्रिकेने उचलावयाचा आणि वाटेतल्या जलविद्युत केंद्राचा लेसोथोने. एका लहान देशाने बलाढ्य शेजाऱ्याशी केलेला हा करार हिशेबाच्या दृष्टीने पक्का आहे.

परंतु हिशेबात एक मोठी उणीव राहिली. धरणाखाली गेलेली कुरणे व शेते ज्यांची होती त्या डोंगरी कुटुंबांना मिळालेली भरपाई अपुरी व उशिरा मिळाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. पाणी निर्यात करणाऱ्या देशाच्या सखल भागातील गावे स्वतः टंचाई सोसत होती. महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या चळवळी ज्यांना माहीत आहेत त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. भूतानने असाच मार्ग विजेच्या रूपाने धरला. भारताने ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज देऊन उभारलेला ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प १९८८ मध्ये पूर्ण झाला आणि तेथील जास्तीची वीज भारत विकत घेऊ लागला. हिवाळ्यात नद्यांचे पाणी आटले की मात्र हाच देश भारताकडून वीज आयात करतो. पाण्याची कमाई ऋतूंच्या अधीन असते, हे आकडे मांडताना पुष्कळदा विसरले जाते.

गोड्या पाण्यातील मासळी

सामान्य माणसाच्या ताटापर्यंत पाण्याची संपत्ती पोहोचविण्याचे सर्वांत मोठे काम मात्र गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीने केले आहे, आणि त्यात भारताचा वाटा लहान नाही. कटला, रोहू व मृगळ हे मासे तळ्यात उत्तम वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात वाहत्या नदीचे नवे पाणी मिळाले तरच त्यांचे प्रजनन होते. त्यामुळे पूर्वी बंगालमधील नद्यांतून मत्स्यबीज गोळा करून ते रेल्वेने देशभर पाठवावे लागे. त्या बिजात कोणत्या जाती किती, याचा भरवसा नसे. वाटेत मरतूक होई ती निराळीच.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांना या अडचणीवर उपाय सापडला. माशाच्या मेंदूखालील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी तळ्यातच कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तो दिवस २००१ पासून राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. १९५९ मध्ये चंदेरा आणि गवत्या या परदेशी जाती भारतात आल्या. त्यानंतर संमिश्र मत्स्यशेतीची पद्धत बसली. कटला वरच्या थरातले खाद्य खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाच्या. गवत्याला पाणवनस्पती चालतात. एकाच तळ्यात या जाती योग्य प्रमाणात सोडल्या की एकमेकांच्या खाद्यावर त्यांची फारशी गदा येत नाही.

परिणाम आकड्यांत पाहावा. १९५०-५१ मध्ये देशाचे मत्स्योत्पादन साडेसात लाख टन होते. त्यात समुद्राचे सव्वापाच लाखांवर व भूजलाशयांचे दोन लाखांवर. २०२३-२४ मध्ये ते १८४ लाख टनांवर गेले. त्यात समुद्राचा हिस्सा सुमारे ४५ लाख टन, तर भूजलाशयांचा सुमारे १३९ लाख टन होता. म्हणजे वीस लाख चौरस किलोमीटरांचा समुद्र मागे पडला आणि तळी पुढे गेली. जगातही २०२२ मध्ये जलचरांच्या शेतीचे उत्पादन पकडलेल्या मासळीहून प्रथमच अधिक झाले. या वाढीतला सिंहाचा वाटा आंध्र प्रदेशासारख्या काही राज्यांचा आहे. धरणे व तलाव यांची संख्या पाहता महाराष्ट्राला येथे बराच पल्ला गाठावयाचा आहे.

पूर्व विदर्भातील तलाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हजारो तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विख्यात आहे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, पण 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव राहिले. भात शेतकऱ्यांचे आणि मासळी ढिवरांची, अशी या तलावांवर पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट आहे. तलाव सरकारजमा झाल्यानंतर पाळीची दुरुस्ती व गाळ काढणे हे कोणाचेच काम राहिले नाही. अनेक तलाव उथळ झाले, त्यांत बेशरमाची झुडपे माजली. मरळ, शिंगी यांसारख्या स्थानिक जाती घटल्या, कारण त्यांना आसरा व खाद्य देणाऱ्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या. अलीकडे काही गावांत ढिवर स्त्रियांनी पुढाकार घेऊन बेशरम उपटून टाकले व स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तेथे जुनी मासळी परतू लागल्याचे दिसले आहे.

या तलावांत मासेमारी प्रामुख्याने सहकारी संस्थांमार्फत, ठेक्याने चालते. संस्थेचा ठेका, शेतकऱ्यांची पाणीपाळी आणि ग्रामपंचायतीचे अधिकार यांचा मेळ बसत नाही तेथे नुकसान सर्वांचेच होते. भाताला शेवटचे पाणी देताना तलाव पार रिता केला की हिवाळ्यात वाढावयाचे मासे अर्धवट वाढीतच विकावे लागतात. पाणी अडवून धरले तर ओंबी भरत नाही. किती पाणी राखावयाचे ते सोडण्यापूर्वीच ग्रामसभेत ठरवून पाळीवर खूण करून ठेवणे, हा यावरचा बिनखर्ची उपाय आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यावयाच्या २९ विषयांत मत्स्यव्यवसाय पाचवा आहे. अनुसूचित क्षेत्रांत तर १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे.

अधिकार असला तरी बीज मोजून घेतले नाही तर हंगाम हातचा जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तलावात बीज सोडले जाते. मत्स्यजिरे म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिले. ती स्वस्त पडतात, पण मोठ्या तलावात सोडली तर बहुतेक इतर माशांच्या पोटात जातात. बोटभर लांबीची बोटुकली महाग पडते, पण जगते. जिरे आणून बोटुकलीची नोंद केली, किंवा पन्नास हजार लिहून तीस हजार सोडली, तर ते वर्षअखेरीस जाळे ओढताना कळते, आणि तेव्हा उपाय उरत नाही. मोजण्याची रीत सोपी आहे. लहान छिद्रांच्या मापी वाटीने पिले उचलतात. पहिल्या दोन-तीन वाट्यांतील पिले एकेक करून मोजतात, त्यांची सरासरी काढतात आणि पुढे केवळ वाट्या मोजतात. त्या वेळी संस्थेच्या सचिवाबरोबर पंचायतीचा एक सदस्य आणि गावच्या शाळेतील एखादा शिक्षक तलावाच्या पाळीवर हजर असावा. वाट्यांचा आकडा त्याच ठिकाणी नोंदवहीत लिहून त्याखाली तिघांच्या सह्या घ्याव्यात.